विक्रेत्याचं बक्षीस

तमाम रत्नागिरीकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, एसटी स्टँडाबाहेरच्या माझ्या लॉटरीच्या टपरीवरून विकलेल्या एका तिकिटाला मोठं बक्षीस लागलं, आणि त्यात एका माणसाची अब्रू गेली. तो माणूस मी.

आमचा धंदा असा: तिकिटांची बंडलं एजंटाकडून छापील किमतीपेक्षा थोडी स्वस्त मिळतात. मधला फरक तेवढं आमचं कमिशन. न खपलेली तिकिटं आमच्याच गळ्यात. हे मी हात पसरून, आवाज खाली आणून इतकं रंगवून सांगायचो की गिऱ्हाईक कळवळून एक तिकीट जास्तीचं घ्यायचं. एक गोष्ट मात्र गाळायचो. मोठ्या बक्षिसाच्या तिकिटामागे ज्या विक्रेत्याचा शिक्का असतो, त्यालाही सरकार वेगळं बक्षीस देतं. हे कळल्यावर कोण कळवळणार?

मिरकरवाड्याची एक मासळीवाली पाटी रिकामी झाली की यायची. तिकीट स्वतः कधी निवडायची नाही. "तुझ्या हातानं दे," म्हणायची. निकालही मीच वाचून दाखवायचा.

"नाय लागली, मावशी."

"मेल्या, तुझा हातच खोटा," म्हणत पुढचं तिकीट घ्यायची.

आणि एकदा लागली. जावयाने तिकीट मुंबईला नेऊन रीतसर पैसे आणले. दुसऱ्याच दिवशी मावशी कागदात गुंडाळलेली सुरमय आणि वर पाचशेच्या दोन नोटा घेऊन हजर.

"माझ्या तिकिटात तुला काय गावलं रे?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या बक्षिसाचे कागद एजंटाने पुढे पाठवले होते, मला पक्कं ठाऊक होतं. पण समोर चार माणसं उभी आणि हातात सुरमय. मी नेहमीचा आवाज लावला. "आम्हाला काय मावशी, तिकिटामागे चार पैसे. आम्ही नुसते वाटणारे." आणि काय सांगू, डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मला माझंच कौतुक वाटलं.

मावशीने कमरेच्या पिशवीतून आणखी नोटा काढल्या. मासळीसाठी बर्फाची नवी पेटी घ्यायला ठेवलेल्या; बाकीचं बक्षीस जुन्या कर्जातच जाणार होतं. "ठेव. पेटी घेईन पुढच्या वर्षी," म्हणाली. मी ठेवल्या.

दोन महिन्यांनी ती टपरीवर गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभी असताना एजंटाचा माणूस पेढे घेऊन आला. "शेठ, विक्रेत्याचं बक्षीस खात्यात जमा. मावशींच्या तिकिटाचं हो." मावशीने किती ते विचारलं. त्याने हौसेने सांगितलं. तिच्या पायाशी सुतळीने बांधलेला, फुटका थर्माकोलचा खोका गळत होता.

मी गल्ला उघडून तिचे पैसे काढायला लागलो. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती चिडली असती तर मी काहीतरी बोललोही असतो. पण तिला खरंच कोडं पडलं होतं, आणि सगळ्यांसमोर तिच्या तोंडून निघून गेलं:

"मग त्या दिवशी रडलास कशाला रे?"