उसनी बालवाडी

हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही. शीलाला तर नाहीच, आणि ती तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी त्या वर्गाबद्दल सांगते. डोंबिवली पूर्वेला एका इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या होत्या. तिथे दामलेबाई बालवाडी शिक्षिकांचा प्रशिक्षण वर्ग चालवायच्या. बारावीत मी जेमतेम पास झाले होते आणि घरी बसून पुस्तकं वाचण्यापेक्षा हे बरं, असं आईचं म्हणणं होतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. चारचौघींत तोंड उघडायचे नाही, उघडलं तर माझं मराठी ऐकून सगळ्या हसायच्या. शीलाने पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'कॉन्व्हेंट' ठेवलं. "ए कॉन्व्हेंट, खळ दे इकडे. आणि 'प्लीज' म्हणायची वाट बघू नकोस." मला राग यायचा नाही. उलट आपण इथल्या झालो, असं वाटायचं.

त्या खोल्यांचा वास अजून आठवतो — खळ, ओली माती, घोटीव कागद आणि बाईंच्या अंबाड्यातली सोनचाफ्याची फुलं. आम्ही काड्यापेट्यांची आगगाडी केली, जुन्या मोज्यांच्या बाहुल्या केल्या, बडबडगीतं पाठ केली. आणि सरावपाठ! वर्गाला जोडून बाईंची बालवाडी होती, तिथल्या मुलांना आम्ही शिकवायचं, असा नियम होता. पण समोरच्या गल्लीत इंग्रजी नर्सरी निघाली आणि दिवाळीनंतर, आमचे सरावपाठ सुरू होण्याआधीच, बालवाडीत एकही मूल उरलं नाही. मग आम्हीच एकमेकींची मुलं व्हायचो. शीला अंगठा चोखत सतरंजीवर लोळायची, "बाई, शूला जायचंय" म्हणून भोकाड पसरायची आणि आम्ही हसून हसून बेजार. असा आनंद मला शाळेत कधीच मिळाला नव्हता. एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली नाही — वर्षभरात आम्ही एकाही खऱ्या मुलाला शिकवलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर ठाण्याहून तपासणी येणार असं कळलं. वर्गाची मान्यता त्यावर अवलंबून होती. चालू बालवाडी नसेल तर मान्यता जाणार आणि आमचं वर्ष फुकट जाणार. दोन दिवसांनी बाई म्हणाल्या, "मुलींनो, प्रत्येकीने आपल्या बिल्डिंगमधलं एकेक मूल आणा. आयांना सांगा, कार्यक्रम आहे." कोणालाच त्यात गैर वाटलं नाही. लग्नाला शेजारून पातेली आणतात, तशी आम्ही मुलं आणली. त्यांचे फ्रॉक, रुमाल, पाण्याच्या बाटल्या सगळं आधी ठरलं. मुलांनी काय बोलायचं, एवढंच ठरवायचं राहिलं. मुलं बोलतात, हे आम्हाला माहीतच नव्हतं ना!

मी शिल्पाला आणलं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकूंची मुलगी, साडेचार वर्षांची. ती रोज दुपारी आमच्या दारात बसून मला गोष्टी सांगायची. माझं मराठी ऐकून कधीही न हसलेली ती बहुधा एकटीच.

तपासणीच्या बाई करड्या चेहऱ्याच्या नव्हत्या. चांगल्या होत्या. त्यांनी पुढे वाकून शिल्पाला विचारलं, "काय गं, रोज येतेस ना इथे?"

शिल्पा म्हणाली, "नाही. आजच आले. ताईने आणलं. ताई मला चॉकलेट देणारे."

दामलेबाईंचा हात पदरावर गेला. तपासणीच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं — आणि सगळ्यांनीच पाहिलं.

आयुष्यात मी कधी पटकन बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. स्वच्छ इंग्रजीत बोलले. या मुलीला खोटं बोलायची सवय आहे, आम्ही तिच्यावर काम करतोय, असं म्हणाले. 'या वयात कल्पना आणि वास्तव' असंही काहीतरी पाठ केलेलं जोडून दिलं. माझ्या इंग्रजीचा त्या वर्गात झालेला तो पहिला उपयोग.

त्यांना पटलं. एक साडेचार वर्षांची मुलगी आणि एक इंग्रजी बोलणारी मुलगी — कोणाचं पटणार? त्यांनी शिल्पाच्या गालाला हात लावला. "असं खोटं नाही बोलायचं, बाळा. ताईला सॉरी म्हण."

शिल्पाने माझ्याकडे पाहिलं. हा एखादा खेळ असावा आणि मी आता हसेन, असं तिला वाटलं असावं. मी हसले नाही. मग तिने दोन्ही कान धरले आणि म्हणाली, "सॉरी ताई."

मान्यता टिकली. दामलेबाईंनी मला जवळ घेतलं. शीला म्हणाली, "कॉन्व्हेंट, तू तर छुपी रुस्तम निघालीस!" आणि मला — हे लिहायला जड जातंय — मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

इथेच थांबले तर तुम्ही म्हणाल, घाबरली बिचारी, वर्गासाठी बोलली. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

सावंतकाकू मुलीला न्यायला आल्या तेव्हा तपासणीच्या बाई पोहे खात होत्या. त्यांनी काकूंना आपुलकीने सांगितलं, या ताईमुळे कळलं, मुलीच्या खोटं बोलण्याकडे लक्ष द्या, आत्ताच द्या. काकू ओशाळल्या. काय, कधी, काहीच न विचारता मान हलवत राहिल्या. मग आम्ही तिघी घरी निघालो. रस्त्यावर ना तपासणी होती, ना दामलेबाई. काकूंनी विचारलं, "काय बोलली गं ही?"

सांगता आलं असतं. काकू, काही नाही, आमची गडबड होती, ती खरंच बोलली. एवढंच. काकू हसल्या असत्या. मान्यतेला काही धक्का लागला नसता.

मी म्हटलं, "जाऊ दे ना काकू. लहान आहे."

"मी नाही खोटं बोलले," शिल्पा म्हणाली.

काकूंनी तिथेच, उसाच्या गुऱ्हाळासमोर, तिच्या पाठीत धपाटा घातला. "वर तोंड करून परत तेच?" तिची पाण्याची बाटली माझ्या खांद्याला होती. मी ती सावरत चालत राहिले.

का नाही बोलले? काकू मला शिकलेली, शहाणी मुलगी म्हणायच्या. ते मला हवं होतं. दुसरं काही कारण मला सापडत नाही आणि मी बरीच वर्षं शोधलंय.

त्यानंतर शिल्पा दारात बसायला येईनाशी झाली. जिन्यात भेटायची. "आई बाजारात गेलीय, देवाशप्पथ." "मला आज भात नको होता, देवाशप्पथ." गळ्याला चिमूट लावून. कोणी काही विचारलेलं नसताना. आधी ती असं कधी करत नव्हती. जिन्यावरच्या कुंडीपासून गच्चीवरच्या नळापर्यंत काहीही बिघडलं की बिल्डिंगमधल्या बायका आधी तिला हाक मारायच्या आणि तिचं उत्तर अर्धवट ऐकून हसायच्या.

पुढे मी नौपाड्यातल्या एका बालवाडीत नोकरी केली. प्रमाणपत्र होतंच. समोर खरी मुलं बसली तेव्हा पहिल्या दिवशी मला काहीच येत नव्हतं.

सावंतकाकू कल्याणला राहायला गेल्या, तेव्हा निरोप घ्यायला आमच्याकडे आल्या. शिल्पा तोवर तिसरीत गेली होती. काकूंनी मला ब्लाउजपीस दिला, आईसमोर माझा हात हातात घेतला. "हिचे फार उपकार आहेत हो. पोरीची खोड वेळेत लक्षात आणून दिली. आता बघा, किती सुधारलीय." मग शिल्पाला म्हणाल्या, "ताईच्या पाया पड."

ती वाकली. मी तिला अडवलं नाही. डोक्यावर हात ठेवला, आणि काकूंना म्हणाले, "त्यात काय एवढं."