पावडरमामा आणि माझी फूटपट्टी

"तिथं नगं बसू गं. केसवाला मानूस हाय त्यो," जीपमधली एक बाई दुसरीला म्हणाली. हळूच म्हणाली, पण पाथर्डीला जाणाऱ्या जीपमध्ये हळू बोललेलंही ड्रायव्हरपर्यंत पोचतं. तो माणूस खिडकीशी बसला होता. त्याने मान वळवली आणि हसून म्हणाला, "बस की बाय. केस कोर्टात हाय, शिटावर न्हाई."

बाई पदर तोंडाला लावून हसली, पण बसली नाही. मग मीच मागच्या सीटवरून उठून खिडकीशी, मामांच्या शेजारी जाऊन बसले. बोलले काहीच नाही. मराठीत चारचौघांत बोलायचं म्हणजे मी प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेते, आणि तोवर विषय पुढे गेलेला असतो. नगरच्या इंग्रजी शाळेने मला बरंच काही शिकवलं, त्यात ही भीतीही आली.

गाव त्यांना पावडरमामा म्हणायचं. ग्रामपंचायतीचे ते जलसुरक्षक. म्हणजे नळाला पाणी सोडायचं आणि टाकीत जंतू मारायची पावडर टाकायची. मामा दिसायच्या आधी त्या पावडरचा उग्र वास यायचा. त्यांच्या बोटांची कातडी पांढरी पडून भेगाळली होती. मामी म्हणायच्या, "लगीन झाल्यापासून ह्यांच्या हातची भाकर खाल्ली न्हाई मी. दवाखान्यात बसल्यावानी वाटतं." त्यावर मामा म्हणायचे, "म्हनून तर दवाखान्यात जावं लागलं न्हाई तुला."

शर्टाच्या खिशात पेनाशेजारी त्यांची काचेची छोटी नळी असायची, आणि औषधाची बाटली. नळीत पाणी घ्यायचं, दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर पावडर बरोबर पडली. लग्नातसुद्धा पंगत बसायच्या आधी मामा पाण्याच्या पिंपाशी उभे. एकदा नवरीचे वडील चिडले, "मामा, पाव्हने बसलेत, तुमचं हे काय चाललंय?" मामांनी नळी उन्हात धरली आणि सांगितलं, "नवरीच्या आधी पान्याला हळद लागली पाहिजे." पाणी पिवळं झालं नाही. वाढपी थांबले, पिंपात पावडर पडली, आणि पंगत अर्धा तास उशिरा बसली. नवरीचे वडील पुढे वर्षभर मामांशी बोलले नाहीत. आता स्वतःच्या घरचा हंडा तेच तपासायला पाठवतात.

नव्या विहिरीच्या योजनेचं उद्घाटन आठ दिवसांवर आलं होतं, तेव्हाची गोष्ट. पाणी आधीच नळाला सोडलं होतं आणि वस्तीवरची पोरं उलट्यांनी पडायला लागली होती. मामांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवला होता. अहवाल आला आणि कार्यालयाच्या कपाटात पडून राहिला. मामांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा एकच उत्तर मिळालं, "उद्घाटन होऊ द्या, मग बघू." चौथ्या दिवशी दुपारी मामा कपाटातला अहवाल घेऊन आमच्या ओट्यावर आले.

"इंग्लिशमधी हाय," ते म्हणाले. "तुला येतं. बघ बरं, काय म्हनतंय पानी?"

जणू पाण्याने पत्रच पाठवलं होतं. मी वाचून सांगितलं. हे पाणी पिण्यास योग्य नाही. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग एक मोठा कागद पसरला. "मोठ्या अक्षरात लिही. पर तुज्या मनाचा एक शबूद घालू नगं. जे हाय तेच."

मी मराठी लिहिते ती माझ्या शाळेच्या पद्धतीने. आधी सगळी अक्षरं, मग फूटपट्टी धरून वरची रेघ. मामा हे पाहून खूप हसले. "आधी मानसं उबी केली, मग छप्पर घातलं व्हय!" अहवाल त्यांनी त्याच दिवशी कपाटात परत ठेवला. माझा कागद सकाळी दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर होता. दूध घालायला आलेल्या प्रत्येकाने तो वाचला. दुपारपर्यंत उद्घाटन पुढे ढकललं गेलं, विहीर बंद झाली, टँकर सुरू झाले. पोरं बरी झाली.

आणि मामांवर गुन्हा दाखल झाला. सरकारच्या नावाने खोटा कागद लावला, अफवा पसरवली. त्यांना कामावरून काढलं. कार्यालय आता म्हणतं, असा अहवाल आलाच नव्हता. मामांच्या वकीलबाईंनी प्रयोगशाळेकडे नक्कल मागितली आहे. ती येईल तेव्हा येईल. तोवर तो अहवाल पाहिल्याचं सांगू शकतील अशी माणसं दोनच, मामा आणि मी.

"भिंतीवरचा कागद कुणी लिहिला?" पोलिसांनी विचारलं होतं. "मीच," मामांनी सांगितलं. जामीन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते घरी आले. "तुजी पट्टी दे बरं दोन दिस." मी दिली. का मागितली ते विचारलं नाही. आठवड्याने त्यांच्या घरी गेले तर मामा शंभर पानी वहीत भिंतीवरच्या कागदाचंच वाक्य लिहीत बसले होते. आधी अक्षरं, मग पट्टीने रेघ. पानंच्या पानं भरली होती. मला बघून वही मिटली. "अक्षर जमतंय," म्हणाले, "रेघ वाकडी जाती. तू परीक्षेचं बघ."

आईचंही तेच म्हणणं होतं. "तुला सरकारी नोकरी लागायची हाय. नोकरीच्या आधी पोलीस चौकशी करत्यात. आपलं नाव कशाला?" गप्प राहणं मला सांगावं लागत नाही. मी गप्प राहिले. फक्त मामांच्या कोर्टाच्या तारखेला, ते जात त्याच जीपने पाथर्डीच्या अभ्यासिकेत जायला लागले.

पहिले काही महिने मामांच्या ओट्याकडे कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस एक हंडा दिसला. कुणीतरी जाता जाता टेकवून गेलेला. दुसऱ्या दिवशी तीन. बायका हंडा परत नेताना नुसतं वाकून नळीकडे बघत होत्या. मामांच्या जागी आलेला नवा माणूस अंदाजाने पावडर टाकतो. मामा त्याला नळी दाखवून सांगतात, "अर्धी मूठ वाढव, लेका. तुज्यावर गाव पितंय."

कोर्टातही त्यांनी पिण्याच्या पाण्यात नळी बुडवली. पट्टेवाला ओरडला, "ओ आरोपी, हात लावू नका!" पुढच्या तारखेला तोच वाट बघत होता. "मामा, आज धुतलीय टाकी. बघा बरं."

ती बाई मामांशेजारी बसली नाही, त्या दिवशी जीपमधून उतरल्यावर मी अभ्यासिकेकडे वळले नाही. मामांच्या मागोमाग कोर्टाच्या आवारात गेले. वकीलबाई लिंबाखालच्या बाकावर फाईल उघडून बसल्या होत्या. भिंतीवरच्या कागदाचा फोटो त्यांनी पुढे केला.

"मामा, हे अक्षर तुमचं नाही. मला दिसतंय ते. तुम्ही मनाने काही लिहून लावलं नाही, हे मला दाखवायचंय. ज्याने तो अहवाल वाचला, तो साक्षीदार हवाय मला."

"मीच लिव्हलंय, म्याडम. पट्टी आनलीय संगं. लिहून दावू का?"

पिशवीतून त्यांनी माझी फूटपट्टी काढली. तिच्यावर शाळेतलं माझ्या नावाचं लेबल अजून चिकटलेलं होतं. मामांनी त्यावर अंगठा दाबून धरला. भेगाळलेला, पांढरा अंगठा. माझं अख्खं नाव त्याखाली झाकलं गेलं.

वाक्य तपासत बसले नाही. मी त्यांचा अंगठा बाजूला केला.

"मॅडम, अहवाल मी वाचलाय. हे अक्षर माझं आहे. साक्षीदारांत माझं नाव घाला."