नांदेडला दात दाखवायला

लातूरच्या माणसाची झोप उडाली की तो नांदेडच्या डॉक्टरकडे जातो, कारण लातूरच्या दवाखान्यात ओळखीचं कुणीतरी भेटतंच. मीही तसाच गेलो, तर बाकावर आमच्या गल्लीतले खतदुकानदार बसलेले.

"दात दाखवायला आलो," ते म्हणाले. समोरच्या भिंतीवर मेंदूचं हातभर चित्र होतं.

तेव्हापासून आम्ही दर महिन्याला एकाच एसटीने दात दाखवायला जातो. गिऱ्हाइकाला समजवावं तसं ते मला समजावतात. "मेंदूचं बी रानासारखंच हाय. एखादं रसायन कमी पडलं की काळजी तणासारखी माजती. अन् गोळी मनानं बंद करायची न्हाई, डॉक्टरला इचारून हळूहळू उतरवायची." मग आवाज खाली येतो. "पोरीची सोयरीक जमायलीय. बाप डोक्याची गोळी खातो हे निलंग्याच्या पाव्हण्यांना कळलं, तर मोडंल."

गेल्या महिन्यात तोंडाला उपरणं गुंडाळलेला एकजण दवाखान्यात शिरला. खतदुकानदारांनी माझा गुडघा दाबला. "चालीवरून वळखलं. आमचे होणारे व्याही!"

व्याह्यांनीही त्यांना ओळखलं आणि ते आल्या पावली वळले. मला वाटलं, सोयरीक मोडली. पण खतदुकानदार उठले आणि त्यांनी व्याह्यांना हाताला धरून बाकावर बसवलं.

"बसा पाव्हणे. मला बी झोप येत नव्हती. आता येती."

व्याह्यांनी उपरणं सोडलं.

"तुमचं घराणं कसं निघंल," ते म्हणाले, "ह्याच काळजीनं झोप गेली हो माझी."