सासूबाईंची फुली

बिअरच्या त्या कारखान्यात तिला सगळे सासूबाई म्हणत. तोंडावर मॅडम, आणि पाठ वळली की सासूबाई. कारण उघड होतं. काहीही पुढे ठेवा, ही बाई आधी हुंगणार, मग कपाळाला आठी घालणार आणि दोन घोटांत खोट काढून मोकळी होणार. तिने पसंत केलेली बिअर बाटलीत जायची आणि तिने कागदावर फुली मारली की सरळ गटारात. तिथे साहेबांचंही काही चालत नसे.

मूलबाळ नव्हतं, तेव्हा सासू व्हायची एवढीच काय ती संधी नशिबात होती, असं ती स्वतःच हसून म्हणायची. नवरा त्याच कारखान्यात बिअर बनवायचा. बायको सासूबाई, म्हणून तो ओघानेच मामंजी झाला. आणि त्याच्या हाताखाली शिकायला आलेली, एका लेकीची आई असलेली तरुण बाई ती सूनबाई. घरी दोनच ताटं मांडली जात, पण कारखान्यात त्यांचं गोतावळ्याचं घर होतं.

लग्नाच्या वेळी जुन्या साहेबांनी कुरकुर केली होती. नवरा बनवणार आणि बायको तपासणार, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं तर? तेव्हा तिने सांगून टाकलं, "साहेब, आमच्या घरात बिअरचा विषय निघणार नाही." आणि खरोखरच निघाला नाही. चाखायच्या खोलीत ग्लासांवर नुसते आकडे असत. कुठला ग्लास कुणाचा ते फक्त लॅबवाल्याला ठाऊक. नवऱ्याच्या कितीतरी पिंपांवर तिने नकळत फुली मारली असेल. अशा संध्याकाळी तो भाजी चिरता चिरता खडा टाकून बघायचा, "आज काहीतरी बिनसलं होतं म्हणे?"

"घरात नाही," ती म्हणायची. की तो निमूट पुढची मिरची उचलायचा.

जीभ कोरी राहावी म्हणून ती घरी बिअरला शिवत नसे. कामावर प्रत्येक ग्लासातले दोन घोट, उरलेलं मोरीत. उभ्या संसारात नवऱ्याच्या हातचा एक अख्खा ग्लास तिने कधी संपवला नव्हता. हलवायाच्या बायकोला मिठाईचं काय कौतुक, असं लोक म्हणायचे. कौतुक होतं, पण ते बोलायची सोय नव्हती.

इम्पीरियल स्टाउट म्हणजे नवऱ्याचा जीव की प्राण. साधी बिअर महिन्याभरात बाटलीत जाते. ही मात्र काळीकुट्ट, दाट, वाईनसारखी चढणारी, लाकडी पिंपात वर्षभर झोपून राहणारी. काळे भाजलेले जव बाकीचे लोक सुरुवातीलाच घालतात, हा हट्टाने शेवटी घालायचा. त्यामुळे करपट लागत नसे, घोट गिळल्यावर कपाच्या तळाशी उरलेल्या कॉफीची कडसर गोडी तेवढी मागे राहायची. आणि पिंप भरण्याआधी तो त्याच्या भोकाला नाक लावून, डोळे मिटून, बराच वेळ उभा राहायचा. मामंजी पिंपाशी गूज करतायत, म्हणून पोरं हसायची. लाकडाने जरा जरी आंबटपणा धरला असेल तरी त्याच्या नाकातून सुटायचा नाही.

मग तो आजारी पडला. औषधांनी त्याला पिळून काढलं, तरी कामावर जायचं काही सोडलं नाही. एकदा ती बाहेरून आली तर घरभर करपलेल्या दुधाचा वास, आणि हा त्याच स्वयंपाकघरात ओट्याकडे पाठ करून पेपर वाचत बसलेला.

"अहो, नाक कुणाकडे गहाण टाकलंत का?" ती ओरडली.

"आणतो सोडवून," तो म्हणाला आणि हसला. तीही हसली. भांडं घासता घासता तिचे हात दुखून आले.

शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यात, त्याने छताकडे बघत विचारलं, "मी भरलंय ते शेवटचं पिंप. कसं निघेल गं?"

"घरात नाही," ती सवयीने म्हणाली.

"हे घर कुठंय? दवाखाना आहे."

तिने नुसतं हसून त्याचं पांघरूण सारखं केलं. त्याच आठवड्यात तो गेला.

वर्ष सरलं आणि पिंपं उघडायचा दिवस आला. चार पिंपं होती, त्यांतलं एक त्याचं. पसंत पडलं तर बाटल्यांवर मामंजींचं चित्र छापू, असं साहेबांनी जाहीरच केलं होतं. तिला एकच बाटली हवी होती, घरी त्याच्या चष्म्याशेजारी ठेवायला. साहेब हळूच म्हणाले, "मॅडम, या वेळी तुम्ही नाही बसलात तरी चालेल."

"मी नाही तर कोण?" ती म्हणाली. तोंडाने हे म्हणाली, मनात वेगळंच होतं. हजारांत ओळखीन, असं मनात होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती त्या खोलीत खोट काढायला नव्हे, एकाला शोधायला बसली. चूक झाली ती तिथेच.

पांढऱ्या भिंती, पांढरं टेबल, पाणी आणि साधा पाव. स्टाउट थंडगार चाखत नाहीत, म्हणून तिने पहिला ग्लास दोन्ही तळव्यांत धरून कोमट होऊ दिला. बरा होता, पण पाणचट. दुसऱ्याचा फेस छान तपकिरी, वासात काळ्या मनुका, आणि त्यामागून व्हिनेगरची बारीक सणक. घोट घेतला तशी ती सणक जिभेच्या कडांना लागली आणि बाकी सगळं झाकोळून गेलं. लाकूडच आंबलेलं. तिने दुसरा विचार केला नाही. फुली मारली.

तिसरा ग्लास नाकाशी नेला आणि तिचा हात थांबला. घोट गिळला. मागे हळूहळू उरली ती कपाच्या तळाची कडसर गोडी. हाच तो! तिच्या डोळ्यांना धार लागली. वासात ओल्या पुठ्ठ्यासारखा किंचित शिळेपणा होता. दुसऱ्या कुणाचा असता तर तिने तेवढ्यावरून धारेवर धरलं असतं. पण माणूस आजारी होता, तिने मनाशी म्हटलं, एवढं कुणी धरतं का? आणि तिने पैकीच्या पैकी गुण दिले. चौथा ग्लास कसा लागला ते तिला नंतर आठवलंही नाही.

सगळे जमले. सूनबाई दाराशी उभी होती. लॅबवाल्याने आकडे उलगडायला सुरुवात केली. "तिसरा ग्लास, पैकीच्या पैकी. हे पिंप सूनबाईंचं." कुणीतरी टाळी वाजवली. "आणि दुसरा..." तो अडखळला आणि नुसताच कागदाकडे बघत राहिला.

"वाच," ती म्हणाली.

"दुसरा मामंजींचा. फुली."

तिला वाटलं, जिच्या जोरावर आयुष्य काढलं ती जीभच आपल्याला परकी झाली. ज्याच्यासोबत जन्म काढला त्याला आपण ओळखलं नाही, आणि ओळखलं नाही ते नाहीच, वर स्वतःच्या हाताने मोडीत काढलं.

साहेब घाईने म्हणाले, "आज तुमचं मन थाऱ्यावर नाही मॅडम. आपण पुन्हा चाखू. ही फुली धरायची नाही."

तिने दुसरा ग्लास पुन्हा उचलला. दोन घोट घेतले. कितीही माया केली तरी आंबट ते आंबटच.

"पण हे झालंच कसं?" ती म्हणाली. "आंबलेलं पिंप आणि त्यांना वास आला नाही?"

सूनबाई रडायलाच लागली. "सासूबाई," ती म्हणाली. तोंडावर असं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. "औषधांनी मामंजींचं नाक गेलं होतं. कसलाच वास येत नव्हता. सगळी पिंपं मीच हुंगून द्यायचे. त्या दिवशी माझी लेक तापाने फणफणली होती. तर म्हणाले, जा तू, एकच तर भरायचंय. मी म्हटलं, अहो, पण वास कोण घेणार? तर म्हणाले, चुकलंच काही, तर ती आहे ना. ती पकडेल."

"मला सांगितलं नाही ते?"

"मी म्हटलं होतं, सांगा. म्हणाले, घरात हा विषय काढायचा नाही, तिचा नियम आहे."

तिला ते करपलेलं दूध आठवलं, आणि त्याचं हसणं. मिठाचा अंदाज चुकलेली त्याच्या हातची आमटी आठवली, तिने केलेली कटकट आठवली. एका छपराखाली राहून तो एवढं एकट्याने गिळत होता आणि ती भांडी घासत होती.

तरी तिने पेन उचललं. तिसऱ्या ग्लासाच्या कागदावर गुण खोडून कमी केले आणि शेजारी लिहिलं, किंचित शिळी. "जव शेवटी घालायची त्यांची रीत बरोबर उचललीस, पण पिंपात हवा जाऊ दिलीस," ती सूनबाईला म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "फुली खरी आहे. ओतून टाका."

तळघरात पिंपाची तोटी सोडली तेव्हा ती तिथे गेली. काळी धार गटाराकडे निघाली होती. तिने खाली ग्लास धरून तो काठोकाठ भरून घेतला, एक रिकामा खोका उपडा घातला आणि त्यावर बसली. थंडगार होतं ते. तिने ग्लास दोन्ही तळव्यांत धरला आणि कोमट होईस्तोवर वाट बघितली. मग प्यायला लागली. दोन घोट झाले, तीन झाले. कुणी तिला थांबवलं नाही. धार बारीक होत होत थांबली, तेव्हा ग्लास तळापर्यंत रिकामा झाला होता.

"आंबट निघालं हो," ती हळूच म्हणाली.