गिरणीत सापडलेली घुंगरमाळ

सांगलीत एक जुनी सूतगिरणी हाय, लय वर्सं बंद पडलेली. आता तिच्या आत जुन्या वस्तूंची दुकानं झाल्यात. आयतवारी मी आन माझी मैत्रीण गेलो. काय जागा हाय, खरंच! जिथं सूत निघायचं तिथं आता कंदील टांगल्यात, पितळी बंब, अडकित्ते, रेडिओ, फौजी लोकांच्या काळ्या ट्रंका. मी फोन काढला आन सुटलेच! दिसंल त्याचा व्हिडिओ, काढला की लगेच आण्णांना. आण्णा म्हंजी माझे वडील, शिराळ्याकडं गावात असत्यात. गुडघे गेल्यात, घरातच बसून मोठ्या आवाजात माझे व्हिडिओ बघत्यात.

बंबाच्या व्हिडिओला लगेच त्यांचा आवाजी मेसेज आला, "इकत घीऊ नगंस गं, आपल्या माळ्यावर दोन पडल्यात."

"तुझ्या घरीच दुकान टाकूया की," मैत्रीण म्हणाली.

पुढच्या दुकानात खुंट्यांवर बैलांच्या घुंगरमाळा. मी एक उचलली, फोनसमोर खळाखळा हलवली, "आण्णा, ऐका!" म्हणलं आन पाठवून पण टाकलं. मग नीट बघितलं. घुंगरांच्या मधी सायकलच्या घंटीची वाटी, लाल वायरीनं बांधलेली.

माझ्या सायकलची. एक घुंगरू हरवलं तवा आण्णांनी तिथं ती बांधलीती, आन मी दोन दिवस रुसून बसलेते.

ही माळ आमच्या खिलार बैलाच्या गळ्यात पायजे हुती.

गुडघे गेल्यावर आण्णांनी त्यो पलूसकडच्या एकाला इकला. बैल इकला तर दावं आन गळ्यातलं आपण ठिवून घ्यायचं, अशी आमच्यात रीत, न्हायतर घरची लक्ष्मी जाती म्हणत्यात. आण्णांनी दावं ठिवलं, माळ मातर दिली. "हिचा आवाज नसंल तर त्यो वैरणीला त्वांड लावत न्हाई. जित्ता हाय तवर काढू नगा," एवढंच मागणं. त्या माणसानं बैलाच्या पाठीवर हात ठिवून शब्द दिला. तवापासनं दर म्हैन्याला आण्णा फोन करत्यात आन त्यो म्हणतो, "आवं, लय मजेत हाय तुमचा बैल."

मी व्हिडिओ पुसायला गेले. निळ्या खुणा आल्या हुत्या. त्यांनी बघितला हुता.

"ही कवा आली तुमच्याकडं?" मी दुकानदाराला इचारलं.

"झाल्या की दोन दिवाळ्या. भंगारात आलती. त्या घंटीपायी कोण घेईना बघा. काढून दिऊ?"

"हात लावू नका!" मी एवढ्या जोरात वरडले की मैत्रीण पळत आली.

तेवढ्यात फोन वाजला.

"आपलीच हाय न्हवं?" आण्णा.

"व्हय."

"मागल्या म्हैन्यात तर म्हणला, पेंड खातुय." मग म्हणाले, "पट्टा बघ गं बाळ. बकल सोडलंय का कापलाय?"

मला कळलं त्यांनी काय इचारलं. आमच्या गोठ्यातच मी ल्हानाची मोठी झाले. जित्या बैलाचा पट्टा बकल सोडून काढत्यात. मेल्यावर मान फुगती, बकल सुटत न्हाई, मग इळ्यानं कापायचा.

मी माळ उलटी केली. बकल तसंच लावलेलं, गच्च. शेजारी चामडं आरपार कापलेलं आन दुकानात टांगायला म्हणून सुतळीनं जोडलेलं.

"सोडलंय, आण्णा," मी म्हणलं. "नीट काढलीया. दुसरी घातली असंल त्याला. नवी."

"व्हय का?"

"व्हय की."

"बरं झालं मग," म्हणाले. "असंल कुठंतरी चरत." आन फोन ठिवला.

मैत्रीण इचारत हुती काय झालं, काय झालं. मी माझाच व्हिडिओ परत लावला. मी हसतीया, माळ हलवतीया, "आण्णा, ऐका" म्हणतीया. आन माझ्या बोटांच्या अगदी म्होरं, सुतळीची ती गाठ, लख्ख दिसतीया.