कोथिंबिरीच्या फुलावरची माशी

आमची मंडळी पावसाळ्यात देवाघरी गेली. मागं एका फडक्यात धने बांधून ठेवलेले. दर साली ती त्यातलेच पेरायची, कोथिंबीर फुलू द्यायची, पुन्हा धने धरायची. बाजारचं बी तिनं कधी आणू दिलं नाही. दिवाळी झाल्यावर ते सगळे धने मी विहिरीजवळच्या वाफ्यात टाकले. चिमूटभरसुद्धा मागं ठेवले नाहीत. वाफा गेला तर तिच्या हातचं बी संपलं.

पौषात पांढरी फुलं आली अन् फुलांवर ती माशी आली. काळे-पिवळे पट्टे, हवेत खुंटीला टांगल्यावानी उभी. या माशीवरून आमचं जन्मभर भांडण. मी म्हणायचो, "गांधीलमाशी हाय, सर बाजूला, चावंल." ती म्हणायची, "तुमच्यापेक्षा गरीब हाय ती." आता भांडायला ती नाही. म्हणलं, निकाल तरी लावू.

सुनेच्या ओळखीच्या एक मॅडम सेलूला शाळेत शिकवतात. त्यांना किड्यांचे फोटो काढायचा नाद. सुनेनं त्यांचा नंबर माझ्या फोनात घातला. म्हणली, "मामा, फोटो धाडा, त्या नाव सांगत्यात."

पट्ट्यावाल्या माशीचं मी मॅडमला सांगितलं, पण पहिला फोटो माझ्या अंगठ्याचाच गेला. दुसरा धाडला तर मॅडमचा आवाज आला, "आबा, ही मधमाशी आहे. पंख मोजा. मधमाशीला चार, माशीला दोनच."

मी म्हणलं, "बाई, जन्म गेला माश्या हाकलण्यात. पंख कुणी मोजलेत?"

मग मी पानाला गूळ फासून दबा धरून बसलो. आली एक. फोटोत टिपली.

"आबा, ही तुमच्या घरातलीच. चहाच्या कपावर बसते ती."

सून पदर तोंडाला लावून हसायली. मलाबी हसू आलं. लय दिवसांनी आलं. तवापासून नादच लागला. आधी घर खायला उठायचं, आता तोंड धुतलं की मी वाफ्यावर.

अशात कोथिंबिरीवर मावा पडला. बारीक हिरवी कीड, देठ नुसते चिकट. माव्यातच बिनपायाच्या अळ्या वळवळायलेल्या. मी कापसाच्या मुलखातला माणूस. अळी दिसली की चिरडायची, तिला कोण इचारतं? चिरडत गेलो. मावा वाढतच गेला. ऐन धने धरायच्या टायमाला फुलं सुकायली.

सून फवारणीचा पंप घेऊन आली. "मामा, आता औषध मारल्याबिगर वाफा हाती लागत न्हाई."

तिचं खरं होतं. पण माश्याबी मेल्या असत्या. म्हणलं, "थांब, आधी फोटो." अळीचा फोटो मॅडमला धाडला. लगेच फोन वाजला.

"आबा, मारल्या की काय?"

"मारल्या की. अळी हाय ती."

"अहो, ती तुमच्या त्या पट्ट्यावाल्या माशीचीच लेकरं! सिरफिड माशी म्हणतात तिला. तिची अळी मावा खाते. औषध मारू नका, नीट बघा जरा."

मी वाफ्यातच बसकण मारली. बघतो तर, राहिलेल्यातल्या एका अळीनं मावा तोंडात धरून वर उचलला, चोखला अन् रिकामं साल टाकून दुसरा धरला. आमच्या घरी पंगतीला असं जेवणारं कुणी न्हाई.

सुनेला म्हणलं, "पंप घरी ने. कामाला माणसं लागलीत."

ती म्हणली, "अन् तुमी त्यांनाच मारायले व्हते!"

मी उरलेल्या अळ्या मोजायला वाकलो.

मावा हटला. एका पानाला थेंबावानी कोश चिकटला होता, त्याच्यावर मी रोज डोळा ठेवला. एका सकाळी तो फुटला. ओल्या पंखाची माशी बाहेर आली, ऊन खाल्लं अन् माझ्या बोटावर येऊन बसली. घाम चाटायली. चावली नाही. दोनच पंख. मी मोजले.

"जिंकलीस," म्हणलं.

फोटो काढला. त्यात अंगठा आलाच, पण माशीबी आली. मॅडमनं नुसत्या टाळ्या धाडल्या.

धने झोडपले, उन्हात वाळवले, अन् सुनेपुढं तेच फडकं टाकलं. तिनं बांधायला घेतलं तर गाठ बसंना.

"मामा, दुसरं मोठं फडकं देऊ का?"

"हेच घे," म्हणलं. "उरलेले शेजारी वाटून ये."