पुस्तकात नसलेल्या बायका

नूर गेल्याची बातमी घेऊन विशाल आला, तेव्हा मी गच्चीवर तूर वाळत घालत होते. विशाल आता एसटीत वाहक आहे; एकेकाळी तो तिच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. जिन्यातूनच म्हणाला, "बाई, आपा गेल्या." वर आल्यावर, "आज चारले मॅच व्हती. रद्दच करून टाकू ना?" मी विचारलं, दफन कधी? दुपारच्या नमाजानंतर, म्हणाला. "मग मॅच उद्या," मी म्हटलं. "रद्द नाही." तो गेल्यावर मी उरलेली तूर पसरली, सारख्या थरात, नेहमीसारखी. त्यानंतरच मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी मॅच झाली आणि आमची पोरं सपशेल हरली. नूरनं सगळ्यांना फैलावर घेतलं असतं.

अनय, मीरा, आजीच्या या मैत्रिणीला तुम्ही एकदाच पाहिलंत. सुट्टीत आला होतात, मैदानाच्या कडेला मोबाइल घेऊन बसला होतात, आणि एक बाई गळ्यात शिंप्याची टेप घालून तुमच्यावर ओरडली होती, "हे कोणाचे पोट्टे होय? लग्नात आले काय? उठा, पळा!" तीच नूरजहाँ. बाजाराच्या रस्त्यावर तिचं शिलाईचं दुकान होतं. संघ तिच्या नवऱ्यानं काढला होता. तो ऐन चाळिशीत वारला, तेव्हा सगळे धरून चालले की आता संघ मोडला. विधवेनं घरात काढायची इद्दत, चार महिने दहा दिवस, पुरी करून नूर मैदानावर आली, उदास बसलेल्या पोरांकडे पाहून म्हणाली, "तुमचा कोच गेला. बॉल नाही गेला." त्या दिवसापासून ती सगळ्या गावाची आपा झाली.

माझी आणि तिची मैत्री एका पुस्तकामुळे झाली. माझा भाऊ व्यापारी जहाजावर होता. दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदरावरून त्यानं तिथल्या एका फुटबॉल क्लबचा इंग्रजी इतिहास आणला होता आणि घरात कुणाला नको म्हणून तो माझ्या कपाटात पडून होता. नूरला कळलं तशी ती दारात उभी राहिली. मग दर रविवारी दुपारी मी तिच्या दुकानात बसून त्यातलं एकेक प्रकरण मराठीत सांगायची आणि ती मशीन चालवत ऐकायची. रेल्वेच्या कारखान्यातल्या मजुरांनी तो क्लब काढला होता. पहिल्यांदा मोठ्या स्पर्धेत जिंकले तेव्हा त्यांच्या सगळ्या वस्तीनं रस्त्यावर चुली मांडल्या. पुढे वाईट दिवस आले, मैदान हातचं गेलं, तिथे बाजार उभा राहिला. संघ खालच्या गटात घसरला आणि दुसऱ्यांच्या मैदानांवर पाहुण्यासारखा खेळत राहिला. तरी लोक येत राहिले. घरचे सामने परक्या मैदानावर, पण गाणी तीच, झेंडे तेच. शेवटी मोर्चे काढून काढून त्यांनी आपली जागा परत मिळवली. नूरनं मशीन थांबवली. "अन् बायकाईनं काय केलं?" मी पानं चाळली. बायकांबद्दल काही नव्हतं. "नाहीच लिहिलेलं," मी म्हटलं.

"लिहिलं नाही म्हनून झालं नाही काय?" ती म्हणाली. "रोजीरोटीवाल्या घरचं मैदान गेलं अन् बायका चूप बसल्या? हे तुमी मले सांगता?"

त्यानंतर ती पोरांना त्या क्लबची गोष्ट सांगे, तेव्हा त्यात बायका असत. मैदानात शिलाई मशिना आणून बसलेल्या बायका. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, न लिहिलेल्या उत्तराला कधी अर्धाही मार्क दिला नाही. मी तिला टोकत असे. ती हसून म्हणे, "बाई, तुमी पुस्तक सांभाळा, मी टीम सांभाळतो."

तेव्हा कापसाची वाईट वर्षं चालली होती. पोरांच्या घरी माजघरात कापूस पडून, भाव नाही. सणाला कुणी नवे कपडे शिवेना, म्हणून नूरचं दुकानही ओस. आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा टीव्हीवर एकाच कारणासाठी येई, शेतकऱ्यांच्या आत्महत्या. एकदा लांबून कॅमेरेवाले आले, सरावाला जमलेली पोरं त्यांना दिसली, तर त्यांच्यातल्या एकानं सांगितलं, जरा एका ओळीत बसा, खाली बघा. नूर फाटका बॉल शिवत होती, दाभण हातात घेऊनच उठली. "खाली कायले पाहतील? घाटंजीवाल्याईसंग मॅच हाय उद्या. पाहाचं असंन तर गोल पाहा, नाहीतर चाला." पोरांना हसू आवरेना. त्या संध्याकाळी टीव्हीवर आमचं गाव दिसलं नाही... आणि तिला त्याचा फार अभिमान होता.

त्याच वर्षी मैदानावर दुकानांचे गाळे बांधायचं नगरपालिकेत ठरलं. गावात मंदी आहे, गाळे झाले तर धंदा वाढेल, असं मोठ्या माणसांचं म्हणणं. ते मैदान गेलं असतं तर संघ संपला असता, दुसरी सपाट जागा गावात नव्हती. बैठक बोलावली. नूर उभी राहिली आणि तिनं तिकडच्या क्लबचा सगळा इतिहास सांगितला, मशिना घेऊन बसलेल्या बायकांसकट. नगराध्यक्ष हसले. म्हणाले, "आपा, हे कुठं लिहून आहे?" मग माझ्याकडे वळले. "बाई, पुस्तक तुमचं. तुमीच सांगा, हाय का त्यात?"

सगळी बैठक माझ्याकडे पाहत होती. त्यातल्या निम्म्यांना मी शिकवलेलं होतं. बाई खोटं बोलणार नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नूर माझ्याकडे पाहत नव्हती.

"पुस्तकात नाही," मी म्हणाले. मागे कुणीतरी खिदळलं. "तिथल्या बायकांनी काय केलं, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. इथल्या काय करतात, ते उद्या सकाळी मैदानावर येऊन बघा."

बाहेर आल्यावर नूरनं माझा दंड धरला. "बाई, मशीन किती जड राह्यते, मालूम हाय का तुमाले? बोलाच्या आधी इचाराचं तरी!"

सकाळी हातगाड्यांवरून मशिना आल्या. तिची, तिच्या नणंदेची, बाजारातल्या दोघी-तिघींची, आणि मग कुठून कुठून. बायका भर मैदानात बसून संघाच्या जर्सी शिवू लागल्या. मला शिवण येत नाही. मी गळ्याची बटणं लावली. मोजणीवाला टेप घेऊन आला, पण ती पसरायला त्याला जागाच नव्हती. नूर म्हणाली, "भाऊ, टेप माह्यापाशी बी हाय. छातीचं माप घेऊ काय तुमचं?" तो बिचारा लाजून परत गेला. आम्ही रोज गेलो. डबे तिथेच, नमाज तिथेच, माझी संकष्टीसुद्धा तिथेच. कापूस वेचणीवरून परतणाऱ्या बाया येऊन टेकू लागल्या, धागे तोडू लागल्या. होळी आली तरी आम्ही उठलो नाही, आणि शेवटी गाळ्यांचं नाव काढणं सगळ्यांनी सोडून दिलं.

मागच्या रविवारी पुसदचा संघ आला होता. सामन्याआधी तिकडच्या क्लबची गोष्ट सांगायची आमच्याकडे रीत आहे, ती नेहमी नूर सांगायची. पोरं माझ्याकडे बघू लागली. मी सांगितली. कारखान्यातले मजूर, रस्त्यावरच्या चुली, गेलेलं मैदान, आणि मशिना घेऊन बसलेल्या बायका. पंच पुसदचा तरुण शिक्षक होता. मैदानाच्या मधोमध शिटी हातात घेऊन उभा होता, अदबीनं म्हणाला, "मॅडम, त्या क्लबबद्दल मी बरंच वाचलंय. हे बायकांचं कुठं वाचलं नाही."

"वाचायला मिळणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही उभे आहात ना, तिथेच बसल्या होत्या."

त्यानं खाली मातीकडे पाहिलं, दोन पावलं बाजूला सरकला आणि शिटी वाजवली.